रात्री तीन वाजता निर्णय घेऊ नका

लांब पल्ल्याच्या सायकलिंगवरचे मराठी राईड रिपोर्ट तुम्ही वाचत असाल, तर एक परिच्छेद तुमच्या ओळखीचा असेल. रात्रीचे तीन वाजलेले असतात. हायवे सुनसान असतो. लेखकाचे डोळे मिटत असतात, सायकल दोनदा पांढऱ्या पट्टीबाहेर जाऊन आलेली असते, पुढच्या वळणावरच्या झाडाखाली त्याला कुणीतरी उभं असलेलं दिसलेलं असतं. 'शरीर नको म्हणत होतं, पण मन ऐकायला तयार नव्हतं,' असं तो लिहितो, तोंडावर पाणी मारतो आणि पुढे निघतो. सकाळी कार्डावर शेवटचा शिक्का बसतो. खाली कमेंटांची रांग लागते. काय जिद्द आहे राव!

मला हा परिच्छेद आता वाचवत नाही. त्यात जे घडतंय त्याला मराठीत साधा, जुना शब्द आहे: डुलकी. हायवेवर, अंधारात, चालत्या वाहनावर घेतलेली डुलकी. हीच डुलकी खासगी बसच्या ड्रायव्हरने घेतली की दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी येते आणि आपण त्याला शिव्या घालतो. सायकलवाल्याने घेतली की तिचं साहित्य होतं.

माझं म्हणणं सरळ आहे. तो परिच्छेद जिद्दीचा पुरावा नाही, तो नियोजन फसल्याचा पुरावा आहे. आणि आपल्या सायकल ग्रुपांनी, क्लबांनी आणि आम्हा लिहिणाऱ्यांनी फसलेल्या नियोजनाला शौर्य म्हणायची सवय लावून घेतली आहे. नवीन पोरं हे वाचून तयारी करतात. म्हणजे काय, तर रात्रभर न झोपण्याची तयारी करतात.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीआरएम म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत सायकलवर पूर्ण करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेत कंट्रोल असतात, तिथे कार्डावर शिक्का घ्यायचा. मागे गाडी ठेवून मदत घेता येत नाही, जी काय मदत ती कंट्रोलवरच. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब पारिझियां जगभरातल्या या राईड्सना मान्यता देतो. एका हंगामात चारही अंतरं केली की तुम्ही 'सुपर रँडोनर', म्हणजे एसआर. पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांत हल्ली प्रत्येक मजल्यावर एखादा एसआर सापडतो. पदक हवं असेल तर वेगळे पैसे भरून मागवायचं, काही शे रुपयांत येतं.

या काही शे रुपयांच्या पदकासाठी रात्री तीनला रस्त्यावर असणाऱ्या माणसाच्या मेंदूची अवस्था काय असते? बीआरएम बहुधा शनिवारी पहाटे पाच-सहाला सुटते. म्हणजे तुम्ही तीनला उठलात. शुक्रवारी ऑफिस होतं, रात्री सामान भरण्यात अकरा वाजले, झोप चार तास. आता रविवारी पहाटे तीनला तुम्ही सलग २४ तास जागे आहात. १९९७ साली 'नेचर'मध्ये डॉसन आणि रीड या दोन संशोधकांचा एक छोटा निबंध आला होता. सलग १७ तास जागलेल्या माणसाची हात-डोळ्यांच्या समन्वयाची क्षमता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाएवढी खाली येते, आणि २४ तासांनी ती साधारण ०.१० टक्क्यांच्या पातळीला जाते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. तिप्पट प्यायलेल्या माणसाच्या हातात आपण हँडल देतो आणि त्याला 'लढ बापू' म्हणतो. सायकल मोटार वाहनात येत नाही म्हणून पोलीस पकडत नाहीत, एवढाच काय तो फरक.

शिवाय तीन ते पाच ही वेळच अशी आहे की नीट झोपलेल्या माणसाचंही शरीर तेव्हा झोपेकडे ओढ घेतं. शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं. जागरण आणि ही वेळ एकत्र आली की मेंदू काही सेकंदांसाठी परस्पर बंद पडतो, उघड्या डोळ्यांनीसुद्धा. ताशी २५ च्या वेगाने तुम्ही सेकंदाला सात मीटर जाता. तीन सेकंदांत एकवीस मीटर. घाट उतरताना वेग ४५ असेल तर साडेसदतीस. खंबाटकीच्या उतारावर साडेसदतीस मीटर सायकल कोणीच चालवत नसेल, तर ती कुठे जाईल याचा विचार उतरण्याआधी करावा.

आता त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाकडे बघू. त्याच्याबद्दल आपल्या राईड रिपोर्टांत 'बेदरकार ट्रकवाले' एवढंच लिहिलेलं असतं. कायद्याप्रमाणे त्याच्याकडून दिवसाला आठ तास काम घ्यायचं असतं. रात्री तीनला धाब्यावर चहा पिणाऱ्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा, तो किती वाजता निघाला होता ते. तो जागा आहे कारण माल सकाळी पोचला नाही तर त्याचे पैसे कापले जातात. तुम्ही जागे आहात कारण तुम्हाला एसआर व्हायचंय. तुम्ही डुलकीत दीड मीटर उजवीकडे सरकलात आणि त्याच्या चाकाखाली आलात, तर गुन्हा त्याच्यावर दाखल होणार, जमाव त्याला मारणार, गाडी त्याची जप्त होणार. ग्रुपवर आपण मेणबत्त्या लावणार आणि 'त्याला आवडतं ते करताना गेला' असं लिहिणार. आपला धोका आपण पत्करतो हे वाक्य हायवेवर खोटं आहे. तिथला धोका कुणा एकट्याचा नसतो.

या सगळ्यावर ठरलेलं उत्तर येतं की वेळच एवढा कमी असतो, झोपणार कधी? हे उत्तर गणितात टिकत नाही. करून बघू.

६०० किलोमीटर, ४० तास. तुमचा चालता वेग, म्हणजे चाकं फिरत असतानाचा वेग, २२ धरू. फार नाही, वर्षभर सराव केलेला कोणीही हा वेग धरतो. ६०० ला २२ ने भागलं की सव्वासत्तावीस तास. उरले पावणेतेरा तास! हे पावणेतेरा तास जातात कुठे? दर तीस किलोमीटरला बारा मिनिटं थांबलात तर वीस थांब्यांचे चार तास. कंट्रोलवर मिसळ मागवली, मिसळ यायला वीस मिनिटं, मग कोणीतरी ओळखीचं भेटलं, मग सेल्फी. पंक्चर. परत चहा. दहा तास असे गळून जातात आणि मग रात्री दोनला माणूस म्हणतो की झोपायला वेळ नाही.

वेग वाढवून वेळ काढायचा म्हटलं तर २२ चा २३ केल्यावर एक तास दहा मिनिटं वाचतात. पण हवेचा विरोध कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे एवढ्याशा वाढीला जवळजवळ १४ टक्के जादा जोर लागतो, तोही सव्वीस तास. उलट थांबे निम्मे केले तर दोन तास वाचतात आणि त्यासाठी पायांना काहीच जास्त करावं लागत नाही. बाटल्या भरणं, खाणं, लघवी, साखळीला तेल, फोन चार्जिंगला लावणं ही कामं एका थांब्यात एकामागून एक उरकणं, हा कंटाळवाणा सराव आहे. त्याचा फोटो निघत नाही. म्हणून तो कोणी करत नाही.

कार्बन फ्रेमचंही एकदा सांगून टाकतो, कारण ग्रुपवर ज्या विषयावर सगळ्यात जास्त मेसेज पडतात तो हा. दोन किलो हलकी सायकल घेतलीत आणि ६०० च्या मार्गावर एकूण ५००० मीटर चढ आहे असं धरलं, तर दोन किलो वर चढवण्याचं काम वाचतं ९८ किलोज्यूल. दीडशे वॅटने पेडल मारणाऱ्या माणसाचे अकरा मिनिटं. म्हणजे दीड-दोन लाख रुपयांत एक चहा वाचला. घ्या, जरूर घ्या, मलाही आवडते. फक्त तिला तयारी म्हणू नका.

तर ६०० चा साधा आराखडा असा बसतो. शनिवारी सकाळी सहाला सुटायचं, थांब्यांसकट सरासरी १९ धरून मध्यरात्री ३४० किलोमीटरच्या आसपास पोचायचं. तिथे लॉजची खोली आधीच ठरवलेली. साडेचारला परत सायकलवर. उरलेले २६० किलोमीटर करायला रात्री दहापर्यंत साडेसतरा तास आहेत, म्हणजे थांब्यांसकट ताशी १५ पेक्षाही थोडं कमी चालतं. चार तास झोप, उजेडात उरलेला रस्ता, आणि पहाटे तीनला तुम्ही गादीवर. यात कुठेही जिद्द लागत नाही. मध्यरात्री ३४० ला पोचण्याएवढी तब्येत लागते, ती महिनोन्महिने सकाळी उठून कमवावी लागते. ती नसेल तर ती रात्रीच्या जागरणाने भरून काढता येत नाही, यातच सगळं आलं.

खरी अडचण ४०० ची आहे आणि तिच्यावर कोणी नीट बोलत नाही. सगळे ६०० ला घाबरतात. पण ६०० मध्ये झोपेला जागा आहे, ४०० मध्ये हळू चालवणाऱ्याला ती जवळपास नाही. चालता वेग १८ असलेला माणूस घ्या. बावीस तास चाकं फिरली, चार तास थांबे, सकाळी सहाला निघालेला दुसऱ्या दिवशी सव्वाआठला पोचणार. वेळ संपते नऊला. म्हणजे पहाटे तीनला, चोवीस तास जागा असताना, त्याच्यापुढे अजून ऐंशीएक किलोमीटर आहेत आणि हाताशी पाऊण तास. हाच तो परिच्छेद लिहिणारा माणूस. याला ग्रुपवर सल्ला मिळतो: 'मनाची तयारी ठेव.' त्याला खरं म्हणजे सांगायला हवं की मित्रा, तू या हंगामात ४०० करू नकोस. ३०० सतरा तासांच्या आत आणि शुद्धीवर संपवता यायला लागलं की मग ४०० ला ये. तेव्हा तुझ्याकडे रात्री एक वाजता पंचवीस मिनिटं पडायला आणि उठून आळस झटकायला वेळ असेल. पण असं सांगितलं तर हंगामात एसआर होणाऱ्यांचा आकडा कमी होईल. क्लबांना आकडे आवडतात.

आपल्याकडे यात आणखी एक खास भर आहे. बीआरएमचा चांगला हंगाम म्हणजे थंडी, आणि थंडी म्हणजे उसाचा गळीत हंगाम. सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात रात्री ज्यांनी सायकल चालवली आहे त्यांना उसाच्या ट्रॉल्या सांगायला नकोत. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर उसाखाली गाडला गेलेला, दोन ट्रॉल्या एकामागे एक, कधी उलट्या बाजूने. जागा माणूससुद्धा त्या शेवटच्या क्षणी बघतो. झोपेत असलेला बघतच नाही.

रॅमची गोष्ट इथे काढावी लागते, कारण आमच्या जिद्दवाद्यांचा शेवटचा पत्ता तोच असतो. रेस अक्रॉस अमेरिका: पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण ४८०० किलोमीटर, सोलो रायडरला बारा दिवस. १९८२ साली चौघांनी ती पहिल्यांदा केली. त्यातल्या मायकेल शर्मरच्या नावाने आज एक दुखणं ओळखलं जातं, 'शर्मर्स नेक', ज्यात मानेचे स्नायू संपावर जातात आणि डोकं वर धरता येत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने रॅम पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती सोलो पूर्ण केली, २०१९ मध्ये नवी मुंबईच्या कबीर राचुरेने. या माणसांबद्दल मला आदर आहे, आणि तो त्यांच्या कमी झोपेबद्दल नाही.

'ती माणसं दिवसाला दोन-तीन तास झोपतात, मग आपल्याला एक रात्र काय जड आहे?' हा प्रश्न विचारणारे 'सोलो' या शब्दाला फसलेले असतात. रॅमच्या सोलो रायडरमागे आठ-दहा जणांचा क्रू असतो. पाळ्या लावून जागणारे ड्रायव्हर, रस्ता सांगणारा, खाणं मोजून हातात देणारा, पाय चोळणारा. रात्री मागून गाडी चालते आणि तिच्या दिव्यात रायडर चालतो. तो कधी झोपणार, किती झोपणार, कधी उठणार हे क्रू ठरवतो.

स्लोव्हेनियाचा युरे रॉबिच याने रॅम पाच वेळा जिंकली. त्याच्याबद्दलच्या हकिकती भयंकर आहेत. काही दिवसांच्या जागरणानंतर त्याला घोड्यांवरून बंदूकधारी पाठलाग करताना दिसायचे. रस्त्याकडेच्या टपालपेट्या शत्रू वाटून तो सायकलवरून उतरून त्यांच्या अंगावर जायचा. रडायचा, क्रूला शिव्या द्यायचा. आणि तरीही जिंकायचा, कारण ठरलेली व्यवस्था अशी होती की निर्णयातलं त्याचं मत धरायचंच नाही. पाय त्याचे, डोकं क्रूचं. लोक रॉबिचला अमर्याद इच्छाशक्तीचं उदाहरण म्हणून सांगतात. मला तो नेमका उलटा धडा वाटतो. जगातल्या सर्वोत्तम माणसाचीही इच्छाशक्ती जागरणात इतकी बिघडते की ती त्याच्या हातात ठेवता येत नाही, दुसऱ्याकडे द्यावी लागते.

आपल्याकडे बीआरएममध्ये क्रू नाही, ठेवायला परवानगीही नाही. मग रात्री तीनला तुमच्या वतीने निर्णय कोण घेणार? तुम्ही? नाही. रात्री तीनला तुमच्या सायकलवर जो बसलेला असतो तो तुमचे कपडे घातलेला एक प्यायलेला इसम असतो. त्याला 'थांबू की जाऊ' असं विचारण्यात अर्थ नाही. तो जाऊ म्हणणार, कारण मेंदूचा जो भाग धोका तोलतो तो सगळ्यात आधी झोपतो. म्हणून निर्णय मंगळवारी संध्याकाळी, पोटभर जेवून, टेबलाशी बसून घ्यायचे आणि लिहून ठेवायचे. प्लॅन हाच तुमचा क्रू.

माझ्या कामात आम्ही सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती चालू यंत्रणेवर चढवतो, तेव्हा एक रकाना भरल्याशिवाय मंजुरी मिळत नाही: रोलबॅक. बिघडलं तर माघारी कसं येणार, काय दिसलं की यायचं, तो निर्णय कोण घेणार. हा रकाना दुपारी शांतपणे भरतात, कारण रात्री दोनला यंत्रणा पडल्यावर माणसं हुशार राहत नाहीत, 'अजून एकदा करून बघू' म्हणतात आणि खड्डा खोल करतात. हे ज्यांना ऑफिसात तोंडपाठ आहे असे शेकडो इंजिनियर बीआरएमला येतात. त्यांची एक्सेल शीट बघा. प्रत्येक कंट्रोलची वेळ, चढाचे मीटर, वाऱ्याची दिशा, कुठल्या तासाला कुठलं जेल. रोलबॅकचा रकाना नाही. ज्या प्लॅनमध्ये कधी थांबायचं हे लिहिलेलं नाही तो प्लॅन नसतो, इच्छापत्र असतं. दोन्ही अर्थांनी.

काय लिहायचं त्यात? माझ्या कागदावर जे आहे ते सांगतो, तुमचं वेगळं असेल. डोळा एकदा लागला किंवा सायकल एकदा पट्टीबाहेर गेली की पुढच्या उजेडाच्या जागी थांबून पंचवीस मिनिटांचा गजर, त्याआधी कॉफी, म्हणजे उठेपर्यंत ती चढलेली असते. झोपून उठल्यावर तासाभरात परत तेच झालं तर राईड संपली, उजाडेपर्यंत तिथून हलायचं नाही, मग वेळ गेली तरी. दोन्ही मागचे दिवे बंद पडले तर संपली. दोनदा उलटी झाली आणि पाणी टिकत नसेल, किंवा सहा तास लघवी नाही, तर संपली. मध्यरात्रीचा कंट्रोल ठरवलेल्या वेळेपेक्षा दोन तासांहून उशिरा आला तर पुढच्या रात्रीच्या टप्प्याला हात लावायचा नाही. प्रत्येक टप्प्यातून परत कसं यायचं तेही: कुठल्या गावातून टेम्पो मिळेल, कुणाचा फोन रात्री उचलला जाईल, खिशात किती रोख. हा कागद एका मित्राकडे असतो आणि भांडायचा अधिकार त्याला असतो, मला नाही.

पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या २०१९ च्या अनुभवावरून तरी आपण हे शिकायला हवं होतं. १८९१ पासूनची ही राईड आता चार वर्षांनी एकदा होते, सुमारे १२२० किलोमीटर, ९० तास. त्या वर्षी भारतातून शेकडो एसआर गेले आणि त्यातले बहुसंख्य वेळेत परत पोचू शकले नाहीत. वर्षानुवर्षं रात्र मारून नेण्याची सवय झालेली ही मंडळी होती. तिथे ९० तासांचा गट संध्याकाळी सुटतो. म्हणजे दिवसभर सुटण्याची वाट बघत जागायचं आणि लगेच पहिली रात्र सायकलवर. पुढे आणखी रात्री, थंडीच्या, न संपणाऱ्या चढ-उतारांच्या, आणि कंट्रोलवर खाण्याच्या रांगा. एक रात्र मारून नेता येते. तीन नाही येत. तिथे मुरलेले रँडोनर रस्त्याकडेच्या गवतात चकचकीत ब्लँकेट गुंडाळून वीस-वीस मिनिटं झोपलेले असतात, लाज न बाळगता. आपल्याकडे यावर चर्चा झाली ती बरीचशी मनोबल कमी पडल्याची.

खाण्यापिण्याबद्दल फार बोलत नाही, त्यावर माहिती भरपूर आहे. शरीरात साठवलेली साखर साधारण २००० किलोकॅलरींची असते, ती सकाळभरात संपते. नंतर तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं जात राहिली पाहिजेत, म्हणजे दोन-अडीच केळी, दर तासाला, भूक नसताना. आतड्यांनाही याचा सराव लागतो, तो आदल्या रविवारी सुरू करून होत नाही. नुसतं पाणी ढोसत राहू नका, रक्तातलं सोडियम खाली जातं आणि मग जी गुंगी येते ती झोपेसारखीच दिसते पण झोपून जात नाही. चिक्की, राजगिरा लाडू, दहीभात, ओआरएसचं पाकीट एक लिटरमध्येच. परदेशी जेलपेक्षा हे स्वस्त आहे आणि महामार्गालगतच्या दुकानात मिळतं.

'कुठेही आडवं पडा' या सल्ल्याबद्दल मात्र बोलायला हवं. एटीएममध्ये, एसटी स्टँडच्या बाकावर, पेट्रोल पंपाच्या ओट्यावर झोपण्याच्या गोष्टी आम्ही मुलं मोठ्या रंगवून सांगतो. बाईने हायवेवरच्या एटीएममध्ये रात्री दोनला शटर ओढून झोपावं का? तिला लॉजची खोली लागते, सोबत लागते, आणि लघवीला जागा सापडेपर्यंत कमी पाणी पीत राहावं लागतं, ज्याने वरचं सगळं गणित बिघडतं. क्लबांनी मार्ग आखताना मध्यरात्रीच्या टप्प्यावर झोपायची एक बंद, स्वच्छ जागा ठेवली, तर बायका जास्त येतील आणि पुरुषही कमी मरतील. मार्गाची आखणी क्लबच करतो, त्याला यासाठी पॅरिसची परवानगी लागत नाही.

'मग अल्ट्रा करायचंच कशाला, घरी झोपा की!' हा टोमणा मला नेहमी मिळतो. थकवा हाच तर या खेळाचा गाभा आहे, मर्यादा ओलांडणं हेच तर त्यात आहे, वगैरे. थकवा गाभा आहे हे मान्य. पाय जळतात, तळहात बधिर होतात, बूड सोलून निघतं, पाचशेव्या किलोमीटरला साधा पूलही घाटासारखा वाटतो, आणि तरीही माणूस पेडल मारतो. ते सगळं हवंच आहे मला, म्हणून तर जातो. पण थकलेला माणूस हळू जातो. झोपलेला माणूस जातच नाही, त्याची सायकल जाते. या दोन गोष्टींना आपण एकच शब्द वापरतो, तिथे घोळ आहे.

'डीएनएफ' हे कार्डावरचं लेबल आपण एखाद्या आजारासारखं उच्चारतो. ग्रुपवर निकाल टाकताना पूर्ण करणाऱ्यांची नावं, हारतुऱ्यांच्या इमोजी. जे थांबले त्यांची नावं नाहीत, का थांबले तेही नाही. एखाद्या क्लबने एक हंगाम एवढं करून बघावं: निकालासोबत, परवानगी देतील त्यांची नावं घेऊन, थांबणाऱ्यांच्याही दोन ओळी टाकाव्यात. अमुक किलोमीटरला झोप आवरेना म्हणून ढाब्यावर थांबलो, सकाळी टेम्पोने आलो. नवीन मुलाला या दोन ओळींतून जे कळेल ते माझ्या या लेखातूनही कळणार नाही. आणि ज्यांनी वेळेत पूर्ण केलं त्यांनाही एक प्रश्न विचारावा, किती वेळ झोपलात? 'अजिबात नाही' असं उत्तर आलं तर टाळ्या वाजवू नयेत. एवढं अवघड नाही ते.

यातला एक तुकडा तर कुठल्याच रिपोर्टात नसतो, कारण तोपर्यंत रिपोर्ट संपलेला असतो. रविवारी रात्री साडेनऊला शेवटचा शिक्का बसतो. सोमवारी सकाळी दहाला स्टँडअप मीटिंग आहे. सायकल कारच्या मागच्या रॅकवर चढते आणि दोन दिवस जागलेला माणूस त्याच हायवेने, आता ताशी नव्वदने, घरी निघतो. यावेळी त्याच्या अंगाखाली दहा किलोची सायकल नसते, टनभराची गाडी असते, आणि बहुधा शेजारच्या सीटवर त्याच्यासारखाच दुसरा एसआर झोपलेला असतो. माझ्या कागदावरची शेवटची ओळ या प्रवासाची आहे. गाडी कोण चालवणार त्याचं नाव तिथे लिहिलेलं असतं, आणि ते नाव राईडला आलेल्या कोणाचंही नसतं. तसं कोणी मिळालं नाही तर त्याच गावात रात्रीची खोली आणि सोमवारची सुट्टी, ती मॅनेजरकडे मंगळवारीच मागितलेली.